फासानॉकची पंचाहत्तर वर्षे

दक्षिण पॅसिफिक महासागरात तीनशेहून अधिक बेटे आणि जेमतेम नऊ लाख लोकसंख्या असलेला फिजी हा देश. त्यातल्या शंभरेक बेटांवरच वस्ती आहे, आणि बहुतेक लोक व्हिटी लेव्हू व व्हानुआ लेव्हू या दोन मोठ्या बेटांवर राहतात. एखाद्या लहान बेटावरच्या धावपटूला निवड चाचणीसाठी राजधानी सुवाला यायचे असेल, तर आधी बोट गाठावी लागते. असा देश ऑलिम्पिकला संघ कसा पाठवतो, त्याची निवड कोण करतो, खर्च कोण भागवतो, खेळाडूचा प्रवेश अर्ज कोण भरतो, गणवेश कोण शिवून घेतो, या प्रश्नांना फिजीत एकच उत्तर आहे: फासानॉक. 'फिजी असोसिएशन ऑफ स्पोर्ट्स अँड नॅशनल ऑलिम्पिक कमिटी' या लांबलचक नावाचे हे आद्याक्षरी रूप. १९४९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २०२४ साली पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. त्या निमित्ताने तिच्या वाटचालीचा हा आढावा.

पूर्वपीठिका

संस्था जन्माला येण्यापूर्वी फिजीत खेळ नव्हते असे नाही. उलट खेळ भरपूर होते. ब्रिटिश वसाहतीच्या काळात तिथे समाज जसे वेगवेगळे नांदत होते तसे खेळही. रग्बी हा मूळच्या इटौकेई लोकांचा जीव की प्राण. फुटबॉलची जोपासना प्रामुख्याने भारतीय वंशाच्या लोकांनी केली. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटाच्या करारावर साठ हजारांवर भारतीय मजूर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी फिजीला नेले गेले, त्यांचे हे वंशज. १९३८ साली फुटबॉलची जी संघटना उभी राहिली तिच्या नावातच 'इंडियन' हा शब्द होता. तो काढून ती सर्वांसाठी खुली करायला १९६१ साल उजाडावे लागले.

त्याच १९३८ साली सिडनीला झालेल्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये फिजीचे खेळाडू पहिल्यांदा उतरले. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि स्पर्धा थांबल्या. युद्ध संपल्यावर १९५० च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे एम्पायर गेम्स भरणार हे ठरले. ऑकलंड म्हणजे फिजीच्या दृष्टीने शेजार. पण संघ पाठवायचा तर सर्व खेळांच्या वतीने बोलणारे कोणीतरी हवे होते.

१९४९ ते १९५९ : मुहूर्तमेढ

ही गरज ओळखून निरनिराळ्या खेळांतली मंडळी एकत्र आली आणि १९४९ साली 'फिजी अमॅच्युअर स्पोर्ट्स असोसिएशन' या नावाने ही संस्था स्थापन झाली. नावातला 'अमॅच्युअर' हा शब्द त्या काळाचा आहे. खेळासाठी पैसा घेणारा खेळाडू ऑलिम्पिकला वर्ज्य होता आणि संस्था चालवणारेही सगळे हौशीच होते. शिक्षक, डॉक्टर, वकील, सरकारी नोकर, व्यापारी यांनी आपापला कामधंदा सांभाळून ही जबाबदारी उचलली. त्यातल्या कोणा एकाचे नाव घेऊन इतरांवर अन्याय करणे उचित नाही, कारण हे काम एका माणसाच्या आवाक्यातले नव्हतेच.

पहिल्याच परीक्षेत यशही मिळाले. ऑकलंडला मताइका तुइथाकाऊ यांनी गोळाफेकीत सुवर्णपदक आणि थाळीफेकीत रौप्यपदक मिळवले. नुकत्याच उभ्या राहिलेल्या संस्थेला याहून मोठे बळ कशाने मिळाले असते?

१९५५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने फिजीला मान्यता दिली. ही घटना नीट समजून घ्यायला हवी. फिजी तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. स्वातंत्र्य पंधरा वर्षे दूर होते. संयुक्त राष्ट्रांत त्याला जागा नव्हती, परदेशात वकिलात नव्हती. तरीही ऑलिम्पिकच्या दुनियेत फिजी हे नाव स्वतंत्रपणे नोंदले गेले. देशाच्या आधी देशाचा संघ अस्तित्वात आला, असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या नोव्हेंबरात, मेलबर्न ऑलिम्पिकच्या संचलनात फिजीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खेळाडू चालले. थाळीफेकपटू मेसुलामे राकुरो हे त्या पहिल्या तुकडीतले. पॅसिफिकमधल्या इतर बेटांना या दालनात पाऊल ठेवायला आणखी वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागला. पापुआ न्यू गिनी १९७६ मध्ये आले. टोंगा, सामोआ आणि सॉलोमन बेटे १९८४ मध्ये आली.

इथे मराठी वाचकाला खाशाबा जाधवांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांच्याकरता गावोगाव वर्गणी गोळा झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. त्या काळात ऑलिम्पिकची वारी सरकारी तिजोरीपेक्षा माणसांच्या मायेवर अधिक घडत असे.

१९६० ते १९६९ : पॅसिफिकचे माहेरघर

१९५९ साली न्यू गिनीतील राबाउल येथे साउथ पॅसिफिक कॉन्फरन्स भरली होती. आरोग्य, शेती, शिक्षण असे विषय चर्चेला होते. त्या बैठकीत फिजीचे प्रतिनिधी डॉ. ए. एच. साहू खान यांनी एक सूचना मांडली: पॅसिफिकमधल्या सर्व बेटांनी मिळून आपली स्वतःची क्रीडास्पर्धा भरवावी. गिरमिटियांच्या समाजातून आलेल्या या गृहस्थांनी संपूर्ण महासागराचा विचार करावा, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. सूचना मान्य झाली, १९६१ साली नूमेआ येथील बैठकीत आराखडा ठरला आणि पहिल्या यजमानपदाचा मान सुवाला मिळाला.

२९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर १९६३ या काळात सुवामध्ये पहिल्या साउथ पॅसिफिक गेम्स (आताच्या पॅसिफिक गेम्स) झाल्या. तेरा देश आणि प्रदेश आले. इंग्रजी बोलणारे, फ्रेंच बोलणारे, अमेरिकेच्या ताब्यातले, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातले, अशी सगळी बेटे प्रथमच एका मैदानावर उतरली. यजमान फिजीने सर्वाधिक पदके मिळवली. संस्थेच्या कार्यकर्त्यांना पदकांपेक्षा मोठा लाभ झाला तो अनुभवाचा. निवास, भोजन, पंच, वेळापत्रक, निकालपत्रके हे सगळे स्वतः करून पाहिल्यावर ऑलिम्पिक संघ पाठवण्याचे काम तेवढे अवघड वाटेनासे झाले.

तरी १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये फिजीचा संघ नव्हता. १९६८ मध्ये मेक्सिकोला तो पुन्हा दिसला.

१९७० ते १९७९ : नवे राष्ट्र, जुनी संस्था

१० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाला. संस्थेचे वय तेव्हा एकवीस होते. त्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत (पूर्वीच्या एम्पायर गेम्समध्ये) सायमोनी तमानी यांनी ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकले होते. ४०० मीटरची शर्यत म्हणजे वेग आणि दम या दोन्हींची कसोटी. तिथे जगातल्या नामांकित धावपटूंच्या बरोबरीने एका बेटावरचा तरुण धावला. तमानी आणि लांब पल्ल्याचे धावपटू उसाया सोतुतू ही त्या दशकाची ठळक नावे. दोघेही १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये धावले. सोतुतूंनी पॅसिफिक स्पर्धांत लांब पल्ल्याच्या शर्यती पुन्हा पुन्हा जिंकल्या. त्यांचे नातू हॉस्किन्स सोतुतू पुढे न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघातून रग्बी खेळले. फिजीच्या रक्तातली खेळाची ओढ अशी इतर देशांच्या कामीही आली आहे.

१९७९ साली साउथ पॅसिफिक गेम्स दुसऱ्यांदा सुवाला आल्या. आता यजमान स्वतंत्र राष्ट्र होते आणि त्याला आपल्या पाहुणचाराची इभ्रत राखायची होती. ती राखली गेली.

१९८० ते १९८९ : वादळी वर्षे

या दशकाची सुरुवात माघारीने झाली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्याच्या निषेधार्थ अनेक देशांनी १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला; त्यात फिजीही होता. चार वर्षे तयारी केलेल्या खेळाडूंचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. १९५६ नंतर फिजी ज्या दोन उन्हाळी ऑलिम्पिकना मुकला, त्यांतले हे दुसरे. त्यानंतर एकही चुकलेले नाही.

१९८१ साली ओशियानिया राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्यांचा महासंघ, म्हणजे ओनॉक, अस्तित्वात आला. या महासंघाचे कार्यालय आज सुवातच आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न वाढत गेले आणि त्यातला वाटा 'ऑलिम्पिक सॉलिडॅरिटी' या योजनेतून लहान देशांपर्यंत पोहोचू लागला. फिजीसारख्या देशाचा ऑलिम्पिक खर्च आज कसा भागतो याचे मूळ इथे आहे. प्रत्येक राष्ट्रीय समितीला ठराविक खेळाडू आणि अधिकाऱ्यांचा प्रवास आणि निवासाचा खर्च मिळतो, शिवाय होतकरू खेळाडूंना परदेशी प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम मिळतात. वर्गणीचा डबा पूर्णपणे बाजूला पडला नाही, पण त्याच्यावरचा भार हलका झाला. लॉस एंजेलिसलाच पंधरा वर्षांचा टोनी फिल्प शिडाच्या फळीवर स्वार होऊन उतरला. पुढे सोल, बार्सिलोना, अटलांटा आणि सिडनी धरून तो पाच ऑलिम्पिक खेळला.

आणि मग १९८७ आले. त्या वर्षी फिजीत दोनदा लष्करी उठाव झाला. देश प्रजासत्ताक जाहीर झाला आणि त्याचे राष्ट्रकुल सदस्यत्व संपले. त्याचा थेट परिणाम मैदानावर झाला: १९९० च्या ऑकलंड आणि १९९४ च्या व्हिक्टोरिया येथील राष्ट्रकुल स्पर्धांत फिजीला जाता आले नाही. ज्या ऑकलंडमध्ये चाळीस वर्षांपूर्वी तुइथाकाऊंनी सुवर्णपदक जिंकले, त्याच शहरात फिजीसाठी जागा नव्हती.

पण १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकच्या संचलनात फिजीचा ध्वज होता, १९९२ मध्ये बार्सिलोनातही होता. याचे कारण संस्थेच्या घडणीत आहे. राष्ट्रकुलाचे दार सरकारांच्या नात्यावर उघडते आणि मिटते. ऑलिम्पिकचे दार राष्ट्रीय समितीच्या मान्यतेवर उघडते, आणि ती समिती सरकारपासून स्वतंत्र असावी असा नियम आहे. १९५५ च्या मान्यतेचे मोल तीस वर्षांनी असे कळले. देशात वांशिक तणाव होता, अनेक भारतीय वंशाची कुटुंबे देश सोडून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघाली होती. त्या परिस्थितीत दोन्ही समाजांतले कार्यकर्ते एका टेबलाभोवती बसून संघनिवड करत राहिले. मतभेद झालेच नसतील असे कोण म्हणेल? पण खेळाडूंची वाट अडू नये याची काळजी सर्वांनी घेतली. संस्थेच्या पंचाहत्तर वर्षांतले सर्वांत मोठे काम कोणते असे विचारले, तर पदकांच्याही आधी या वर्षांकडे बोट दाखवावे लागेल.

याच १९८८ सालात एक वेगळीच नोंद झाली. नॉर्वेत शिकायला गेलेल्या रुसियाते रोंगोयावा या तरुणाने तिथे बर्फावर स्कीइंग शिकून घेतले आणि कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिजीचे प्रतिनिधित्व केले. सहा वर्षांनी लिलेहॅमरलाही तो उतरला. नारळाच्या देशातून बर्फात उतरलेल्या या खेळाडूचा प्रवेश अर्जही संस्थेनेच भरला होता.

१९९० ते १९९९ : पुन्हा मुख्य प्रवाहात

या दशकात संस्थेचे जाळे विणले गेले. जलतरण, ज्युदो, वेटलिफ्टिंग, नौकानयन, टेबल टेनिस, तिरंदाजी अशा खेळांच्या संघटना सुदृढ झाल्या. फिजीचे डॉ. रॉबिन मिचेल १९९४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. पेशाने डॉक्टर असलेले मिचेल संघांबरोबर वैद्यकीय अधिकारी म्हणून जात असत; तिथून त्यांचा प्रवास ओनॉकच्या अध्यक्षपदापर्यंत आणि २०२२ साली जगभरच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्यांच्या संघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत झाला. विद्या लखन यांनी संस्थेचे अध्यक्षपद भूषवले आणि पुढे पॅसिफिक गेम्स कौन्सिलचे नेतृत्व केले. जागतिक क्रीडा प्रशासनात इतक्या छोट्या देशाची माणसे इतक्या वरच्या जागी पोहोचली, ही संस्थेच्या शिस्तीला मिळालेली पावती आहे.

१९९६ साली अटलांटात टोंगाच्या पाएआ वोल्फग्राम याने मुष्टियुद्धात रौप्यपदक जिंकले. पॅसिफिक बेटांचे हे पहिले ऑलिम्पिक पदक शेजाऱ्याच्या घरी गेले. १९९७ साली फिजी पुन्हा राष्ट्रकुलात आला. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये वैसाले सेरेव्ही यांच्या फिजी संघाने रग्बी सेव्हन्सचा, म्हणजे सात खेळाडूंच्या रग्बीचा, विश्वचषक जिंकला होता. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत रग्बी सेव्हन्सचा प्रथमच समावेश झाला आणि फिजीने रौप्यपदक घेतले. सेव्हन्समध्ये फिजीला जगात तोड नाही हे सर्वांना ठाऊक होते. अडचण इतकीच होती की हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नव्हता.

२००० ते २००९ : वास्तू आणि वाट

२००० आणि २००६ साली देशाने पुन्हा सत्तांतराचे धक्के सोसले. दरम्यान २००३ साली सुवाने तिसऱ्यांदा साउथ पॅसिफिक गेम्स भरवल्या. चीनच्या साहाय्याने क्रीडासंकुल उभे राहिले. जलतरण तलाव, बंदिस्त क्रीडागृह, हॉकीचे मैदान अशा सोयी झाल्या. आज सुवातली मुले ज्या तलावात पोहायला शिकतात तो त्या स्पर्धेची देणगी आहे.

२००९ च्या सप्टेंबरात राष्ट्रकुलाने फिजीला निलंबित केले. त्यामुळे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत फिजीचा संघ आला नाही. ज्यांच्या पणजोबांनी कलकत्त्याच्या किंवा मद्रासच्या बंदरात बोटीवर पाऊल ठेवले, त्या घरांतल्या खेळाडूंना भारतात खेळण्याची ती संधी हुकली. याची खंत आपल्यालाही वाटायला हवी.

निलंबनानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर २००९ रोजी, कोपनहेगनच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१६ पासून रग्बी सेव्हन्स आणि गोल्फचा समावेश करण्याचा निर्णय घेतला. एकीकडे एक दार लागले आणि दुसरीकडे साठ वर्षे वाट पाहिलेले दार उघडले.

२०१० ते २०१९ : सुवर्णक्षण

२०१२ साली लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये इलीसा देलाना यांनी उंच उडीत १.७४ मीटर उडी घेऊन सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकचा कारभार फिजीत वेगळी समिती पाहते, त्यामुळे हे श्रेय तिचे. पण फिजीचे राष्ट्रगीत इतक्या मोठ्या व्यासपीठावर वाजू शकते, हे देलानांनी साऱ्या देशाला दाखवून दिले.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळाने फिजीला झोडपले. चव्वेचाळीस माणसे गेली, गावेच्या गावे भुईसपाट झाली. राष्ट्रीय संघातल्या काही खेळाडूंची घरेही त्यातून सुटली नाहीत. अशा वर्षी फिजीने रिओला आपला आजवरचा सर्वांत मोठा संघ पाठवला, कारण रग्बीच्या जोडीला पुरुषांचा फुटबॉल संघही पात्र ठरला होता. फुटबॉलमध्ये जर्मनीकडून दहा, दक्षिण कोरियाकडून आठ आणि मेक्सिकोकडून पाच गोल खावे लागले. आकडे बोचणारे आहेत. पण मेक्सिकोविरुद्ध पहिला गोल फिजीने केला आणि मध्यंतराला फिजी आघाडीवर होता. तो गोल करणारा रॉय कृष्णा हा व्हानुआ लेव्हूवरच्या लबासा गावचा, गिरमिटियांचा वंशज. पुढे हाच खेळाडू इंडियन सुपर लीगमध्ये आला. २०२० च्या मार्चमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर रिकाम्या प्रेक्षागारात झालेल्या अंतिम सामन्यात विजेत्या एटीके संघाकडून तो खेळला. नंतरचा सारा हंगाम गोव्यातच झाला आणि त्यात त्याने चौदा गोल केले. गोव्यातल्या फुटबॉलवेड्यांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

११ ऑगस्ट २०१६. रिओमध्ये पुरुषांच्या रग्बी सेव्हन्सचा अंतिम सामना, समोर ग्रेट ब्रिटन. मध्यंतराला गुणफलक २९-०, अखेरीला ४३-७. ज्या ब्रिटनची ही वसाहत होती, त्याच ब्रिटनला हरवून फिजीने पहिले ऑलिम्पिक पदक जिंकले आणि ते थेट सुवर्णपदक होते. मेलबर्नच्या संचलनाला तेव्हा साठ वर्षे झाली होती. कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ आणि त्यांचे सहकारी पदक स्वीकारताना राजकन्या ॲन यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. गुडघे टेकून पोकळ तळव्यांनी टाळी देण्याची ही फिजीची आदराची रीत. तिथे पराभूताचा अवमान नव्हता, विजयाचा माज नव्हता. प्रशिक्षक बेन रायन हे इंग्लंडचे. त्यांना फिजीने आपलेसे केले होते.

देशात सार्वजनिक सुटी जाहीर झाली. या विजयाच्या स्मरणार्थ सरकारने सात डॉलरची नोट काढली. सात खेळाडूंच्या खेळासाठी सात डॉलर! फिजीचा ध्वज बदलण्याचा जो विचार सरकारने चालवला होता, तोही पंतप्रधान बाइनिमारामा यांनी मागे घेतला. स्पर्धेच्या काळात लोकांनी ज्या प्रेमाने जुना ध्वज फडकवला, त्यापुढे दुसरा निर्णय शक्यच नव्हता. एखाद्या क्रीडासंस्थेच्या कामातून देशाचा ध्वज टिकल्याचे उदाहरण आमच्या तरी माहितीत दुसरे नाही.

राष्ट्रकुलाचे निलंबन उठल्यानंतर, २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत आयलीन थिकामाताना यांनी वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे त्या ऑस्ट्रेलियाकडून खेळू लागल्या. फिजीत शिकलेल्या या गुणी खेळाडूला शुभेच्छाच आहेत.

२०२० पासून आजपर्यंत

कोविडमुळे टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे ढकलले गेले. फिजीच्या सीमा बंद होत्या, विमाने बंद होती. रग्बीचा पुरुष संघ कित्येक महिने कुटुंबीयांपासून दूर शिबिरात राहिला आणि शेवटी जपानला गेला तो गोठवलेली मासळी वाहून नेणाऱ्या मालवाहू विमानातून. २८ जुलै २०२१ रोजी न्यूझीलंडला २७-१२ असे नमवून त्याने सुवर्णपदक राखले. कर्णधार जेरी तुवाई हा रिओच्या संघातला एकटाच खेळाडू टोकियोत होता. सुवाच्या न्यूटाउन झोपडवस्तीत, रस्त्याच्या गोल चौकात खेळून तो मोठा झाला.

तीन दिवसांनी महिलांनी इतिहास घडवला. उपांत्य फेरीत न्यूझीलंडने जादा वेळेत २२-१७ असे हरवल्यानंतरही रुसिला नागासाऊ यांच्या संघाने धीर सोडला नाही. ग्रेट ब्रिटनला २१-१२ ने हरवून कांस्यपदक जिंकले. फिजीच्या महिलांचे हे पहिले ऑलिम्पिक पदक. रग्बी हा पुरुषांचाच खेळ मानणाऱ्या समाजात या मुलींनी घरच्यांचा आणि गावाचा विरोध सोसून सराव केला होता. दोन सुवर्णपदकांपेक्षा हे कांस्य कणभरही हलके नाही. त्या काळात संस्थेचे अध्यक्षपद मकरिता लेनोआ या नेटबॉलच्या कार्यकर्तीकडे होते आणि दैनंदिन कारभार दीर्घकाळ लॉरेन मार यांनी सांभाळला, हा योगही लक्षात घेण्यासारखा आहे.

२०२४ मध्ये पॅरिसला पुरुष संघ सलग तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला. यजमान फ्रान्सने २८-७ असा विजय मिळवला आणि फिजीला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. ऑलिम्पिक सेव्हन्समधला फिजीच्या पुरुषांचा हा पहिला पराभव. रिओचे कर्णधार कोलिनिसाऊ आता प्रशिक्षक होते, आणि तुवाईच्या नावावर तीन ऑलिम्पिक पदके जमा झाली.

सध्याचे कार्य

आज फासानॉक एकाच वेळी तीन भूमिका पार पाडते. ऑलिम्पिकसाठी ती राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती आहे, राष्ट्रकुल स्पर्धांसाठी राष्ट्रकुल क्रीडा संघटना आणि पॅसिफिक गेम्ससाठी तिथली प्रतिनिधी संस्था. मोठ्या देशांत या कामांसाठी वेगवेगळी कार्यालये असू शकतात. इथे तेच मोजके लोक सर्व सांभाळतात. पॅसिफिक गेम्सला शेकडो खेळाडू न्यायचे असतात. तेव्हा सरकारी अनुदान, पुरस्कर्ते, निधिसंकलनाचे कार्यक्रम आणि संलग्न संघटनांचा वाटा यांचा मेळ घालावा लागतो. ऑलिम्पिकला जाणारे थोडे असतात, पण त्यांची निवड अधिक काटेकोर.

निवडीचे दोन मार्ग आहेत. रग्बीसारखा संघ पात्रता फेरीतून आपल्या बळावर जातो. ॲथलेटिक्स आणि जलतरणात, जिथे पात्रतेची वेळ गाठणे कठीण, तिथे प्रत्येक देशाला काही जागा राखून दिलेल्या असतात, म्हणजे जगातला कोणताही देश ऑलिम्पिकबाहेर राहू नये. अशा जागेवर गेलेला धावपटू पहिल्या फेरीतच बाद झाला की कोणी कोणी नाक मुरडतात. ते योग्य नाही. ज्याने सुवाच्या दमट हवेत, तुटपुंज्या साधनांवर, नोकरी सांभाळून राष्ट्रीय विक्रम मोडला, त्याने त्या मैदानावर पाय ठेवण्याचा हक्क मिळवलेला असतो. १९५६ च्या पहिल्या तुकडीलाही पदक मिळाले नव्हते. तरी ती गेली नसती तर रिओचा संघ कोणाच्या मागे चालला असता?

याशिवाय खेळाडूंचा आयोग, महिलांच्या सहभागासाठीचे उपक्रम, उत्तेजक द्रव्यांविरुद्धचे शिक्षण, प्रशिक्षकांचे वर्ग आणि दरवर्षीचा ऑलिम्पिक दिन हे कार्यक्रम नियमित चालू आहेत. रग्बीखेरीज इतर खेळांत ऑलिम्पिक पदक अजून मिळालेले नाही, आणि पुढच्या काळाचे खरे आव्हान तेच आहे. २०२८ मध्ये लॉस एंजेलिस आहे आणि २०३२ मध्ये ब्रिस्बेन, म्हणजे पुन्हा शेजारचा ऑस्ट्रेलिया. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची होणारी मुले आज फिजीच्या प्राथमिक शाळांत आहेत.

एक विनंती शेवटी करावीशी वाटते. पदकविजेत्यांची नावे नोंदवली गेली आहेत, ती राहतीलही. पण संघांबरोबर गेलेले व्यवस्थापक, वर्गणी गोळा करणारे, गणवेश शिवणाऱ्या बायका, शिबिरात रांधणारी माणसे यांची नावे कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाहीत. फिजीत आणि फिजी सोडून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडात स्थायिक झालेल्या कुटुंबांत अजून त्या पिढीची माणसे आहेत. ज्यांच्याकडे जुनी छायाचित्रे, पत्रे, प्रवासाची कागदपत्रे किंवा नुसत्या आठवणी असतील, त्यांनी त्या सुवाच्या कार्यालयापर्यंत पोहोचवाव्यात. संस्थेची शताब्दी २०४९ मध्ये आहे. तेव्हाच्या स्मरणिकेत ही नावे असलीच पाहिजेत.